परागंदा माणसांचा सरवा

संशयी : दिग्दर्शक आमोस गिताईंचा १९९२ मधला गोलेमवरचा चित्रपट पाहा म्हणून तुम्ही मागे लागला होतात. निर्वासनाचा आत्मा असं त्याचं उपशीर्षक. शेवटपर्यंत पाहिला, आणि माझी तक्रार त्यातूनच उभी राहिली. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातलं कुटुंब त्यांनी उचललं आणि आजच्या पॅरिसमध्ये आणून ठेवलं. ती माणसं बरंचसं शास्त्रातल्या वचनांतून बोलतात. त्यांच्यावर गोलेमच्या, म्हणजे मातीच्या पुतळ्याच्या दंतकथेची सावली आहे, आणि परागंदा माणसांचा आत्मा बाईच्या रूपात त्यांच्यासोबत वावरतो. ती भूमिका हाना शिगुला करतात. छायाचित्रण आन्री आलेकांचं, म्हणजे कॉक्तोच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'पासून वेंडर्सच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'पर्यंत ज्यांनी पडद्यावरचा उजेड घडवला त्यांचं. चित्रं सुंदर आहेत, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. घर सुटलेला माणूस आधी विचारतो ते साधे प्रश्न असतात. मला कुणी घालवलं, कशापायी घालवलं, आज रात्री पाठ कुठे टेकायची, कागदावर नाव कुठलं लागेल. या प्रश्नांना चित्रपट वचनांनी उत्तर देतो. आपण भिवंडीत राहतो. इथली निम्मी वस्ती कुठून ना कुठून आलेली. आजमगढ-बस्तीकडच्या मागवाल्याला गाव का सोडलंस असं विचारलं, तर तो जमिनीचा तुकडा, भावांची वाटणी, मजुरी, कर्ज एवढंच सांगेल. त्या जागी दंतकथा ठेवली की परागंदा होणं पावसापाण्यासारखं होऊन बसतं. आभाळातून आलं, भोगलं, संपलं. घालवणारा कुणी उरतच नाही.

रसिक : तुमचा मागवाला जे सांगेल, त्यानेच रूथचं पुस्तक सुरू होतं. बेथलेहेममध्ये दुष्काळ पडतो. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि त्या घरातच भाकरी उरत नाही. म्हणून अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलगे घेऊन परक्या मवाबात जातो. कोप नाही, शाप नाही, पोटासाठी गाव सोडलंय. तिकडे मुलांची लग्नं होतात, दहा वर्षं जातात. तोवर बाप आणि दोन्ही मुलगे मरतात, मागे तीन विधवा राहतात. नामी परत निघते. थोरल्या-धाकट्या सुनांना ती माघारी जायला सांगते. अर्पा रडत माघारी फिरते, रूथ सासूचा हात सोडत नाही. इथून पुढची वाट पाहा. दोघी एकाच रस्त्याने चालल्या आहेत, पण सासू घरी चालली आहे आणि सून घर सोडून चालली आहे. एकीचं परतणं आणि दुसरीचं परागंदा होणं एकाच पाऊलवाटेवर, हातात हात घालून. अहवालात या दोघी दोन रकान्यांत जातील. गोष्ट त्यांना एका रस्त्यावर दाखवू शकते. म्हणून गिताईंना गोष्ट लागली.

आणि गोलेम म्हणाल, तर तो शब्द हिब्रू शास्त्रात एकदाच येतो, एका स्तोत्रात. अर्थ साधारण असा, की अजून आकार न आलेला गोळा. पुढे दंतकथा वाढली. मातीचा माणूस करायचा, अक्षरांच्या बळावर त्यात जीव घालायचा. कपाळावर 'सत्य' या अर्थाचा शब्द लिहायचा आणि पहिलं अक्षर पुसलं की उरतो तो 'मेला' या अर्थाचा शब्द. प्रागचे रब्बी यहुदा लोव १६०९ मध्ये वारले, आणि ही कथा त्यांच्या नावाला खरी चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. गोलेम अंगाने दांडगा असतो, सांगाल ते काम करतो, वस्तीचं रक्षण करतो. फक्त त्याला वाचा नसते. यंत्रमागाच्या खोलीत बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडे हे शहर कसं बघतं? हात हवेत, बोलणं नको. एका अक्षराने जिवंत आणि एका अक्षराने मेलेला, हे मतदार यादीत नाव शोधणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ही दंतकथा मला धुकट वाटत नाही. तुम्ही म्हणता तो कागदाचा प्रश्न तिच्याच कपाळावर लिहिलेला आहे.

संशयी : हे वाचन तुमचं आहे. चित्रपटातून ते प्रत्येकाला मिळेल असं नाही. पण ते बाजूला ठेवू, कारण मला मोठी हरकत शब्दापासूनच आहे. यहुद्यांचा शब्द गालूत. त्याला मुदत नाही, पिढ्यानपिढ्या चालणारी ती अवस्था आहे. आपला वनवास मुदतीचा. चौदा वर्षं, किंवा बारा आणि वर एक अज्ञातवासाचं. शेवटचा दिवस आधीच मोजलेला असतो. आपल्याकडे गालूतच्या जवळ जाणारा शब्द एकच, परागंदा. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ विखुरलेला. त्यात रडणं नाही, दैव नाही. मूठभर दाणे उधळावेत तशी माणसं पसरली, एवढंच तो सांगतो. विखुरलेला दाणा कधी कधी रुजतोसुद्धा. गिताईंच्या चित्रपटात रुजण्याला जागाच नाही. जणू यहुदी असणं म्हणजे कायमचं बेघर असणं.

हे खोटं ठरवायला युरोपात जायची गरज नाही. आपल्याकडच्या यहुद्यांची, बेने इस्राएल लोकांची कथा बघा. जहाज फुटलं, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका जिवंत लागल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पुढे ही माणसं कोकणातल्या गावागावांत तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पोथी हरवली, भाषा हरवली. उरली एक प्रार्थना, सुंता, शनिवार, आणि खवले-पर असलेलेच मासे खायचे हा नेम. आडनावं कुठली? पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. परागंदा माणसाने गावाचं नाव स्वतःला लावून घेतलं, की ते गाव त्याचं झालं. आणि त्यांचा एलियाहू हन्नाबी, जो शास्त्रात अग्निरथातून स्वर्गात जातो, तो अलिबागकडच्या खंडाळ्याच्या खडकावर उतरला, रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा तिथे उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा. पोहे, गूळ, खोबरं, फळं मांडून त्याच्या नावाने मलिदा करतात. या दंतकथेत प्रेषित माणसांच्या मागोमाग कोकणात येतो. तिच्यात किनारा आहे. गिताईंनी युरोपातलं दुःख हेच साऱ्या यहुद्यांचं दुःख मानलं, आणि आपला किनारा त्यांच्या नकाशात आलाच नाही.

रसिक : किनारा खरा. पण तुम्ही गोष्ट अर्ध्यावर थांबवलीत. १९४८ नंतर काय झालं? तेव्हा भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आज पाच हजारही नाहीत. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. त्यांच्या प्रार्थनास्थळांवर कुणी चालून गेलं नव्हतं. ठाण्याचं १८७९ चं शार हशामाइम सिनेगॉग आजही उभं आहे. तरी माणसं इस्राएलला गेली, घरी चाललो म्हणून गेली. तिथे काय वाट्याला आलं? १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ठिय्या धरला, की आम्हाला भारतात परत पाठवा. काहीजण खरोखर परत आले. पुढे धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली, पूर्वजांची चौकशी करा असं फर्मान निघालं. जेरुसलेमला आंदोलन झालं तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. ज्या घराकडे तोंड करून शतकानुशतकं प्रार्थना केली, त्या घराच्या दारात विचारलं गेलं, तुम्ही नक्की आमचेच का?

आता पुन्हा रूथकडे या. ती बेथलेहेमला पोचते, राबते, सासूला सांभाळते. सारं गाव तिचं कौतुक करतं. तरी पुस्तक तिला पुन्हा पुन्हा मवाबी रूथ म्हणतं. आतल्या माणसांनी लावलेलं हे परकेपणाचं आडनाव पोचल्यावरही सुटत नाही. तुमच्या पेणकर-रोहेकरांची दुसरी कथा हीच. लोद, अश्दोद, दिमोना इथे मलिदा होतो आणि त्यात पोहेच असतात. तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं. जहाज एकदा नवगावला फुटलं, मग दोन हजार वर्षांच्या आठवणीने माणसं उलट निघाली, आणि उतरल्यावर त्यांना कोकण आठवू लागलं. परतणं कुठलं आणि परागंदा होणं कुठलं, हे कोण ठरवणार? गिताईंची नामी आणि रूथ एकाच रस्त्यावर चालतात, ते मला म्हणून खरं वाटतं.

आणखी एक. तुम्हाला शास्त्रातली माणसं पॅरिसमध्ये आणलेली खटकली. पण १८८० नंतर बेने इस्राएलांनी मराठीत कीर्तनं रचली. बुवा उभे राहायचे, टाळ-पेटी, पूर्वरंग-उत्तररंग, आणि आख्यान योसेफाचं, मोशेचं. मराठी चालीत इजिप्तमधली गुलामगिरी गायली जायची. ऐकणाऱ्याला त्यात खोटेपणा वाटला नाही. कथा उसनी जागा घेते, उसने कपडे घालते, आणि म्हणूनच टिकते. गिताईंनी पॅरिस घेतलं, त्यांनी नारदाची गादी घेतली.

संशयी : कीर्तनकाराने चाल उसनी घेतली, ती ज्याची होती त्याच्याकडेही राहिली. गाण्याची उधारी अशी असते, कुणाचं काही कमी होत नाही. घराची उधारी तशी नसते. गिताईंच्या निर्वासनाच्या चित्रत्रयीतला पहिला चित्रपट १९८६ चा 'एस्तेर'. कथा इराणच्या राजवाड्यातली, चित्रण झालं हैफाच्या वादी सालिबमध्ये. ती दगडी घरं कुणाची? १९४८ मध्ये जे पॅलेस्टिनी तिथून गेले त्यांची. भग्न कमानी, पडक्या भिंती, त्यावर आलेकांचा उजेड. एका समाजाच्या परागंदा होण्याची कथा दुसऱ्या समाजाच्या सुटलेल्या घरात सांगितली गेली. दंतकथेचा धोका मी म्हणतो तो हा. ती इतकी मोठी असते, की ज्या अंगणात उभी राहते त्या अंगणाचा मालक दिसेनासा होतो.

हे भिवंडीला सांगायची गरज नाही, भिवंडीने ते सोसलं आहे. १९७० च्या मे महिन्यात इथे दंगल झाली. त्यानंतर भीष्म साहनी थोरल्या भावासोबत, बलराज साहनींसोबत, इथे आले. मागांच्या गल्ल्या ओस पडलेल्या, खडखडाट बंद. त्या शांततेत त्यांना १९४७ चं रावळपिंडी आठवलं. परत गेल्यावर त्यांनी लिहायला घेतली ती 'तमस' ही कादंबरी. पुढे गोविंद निहलानींनी त्यावर चित्रपट केला, १९८८ मध्ये तो दूरदर्शनवर देशभर पाहिला गेला. घरं सोडून छावणीत आलेल्या माणसांची इतकी थोर कथा आपल्याकडे क्वचित झाली असेल. पण त्यात भिवंडी कुठे आहे? जिच्या जळक्या गल्लीने लेखकाला वाचा दिली, ती गल्ली रावळपिंडीमागे नाहीशी झाली. आमच्या गावातून जे उठून गेले आणि जे परत आले नाहीत, त्यांचा चित्रपट झाला नाही.

रसिक : या दोन गोष्टी मला एकसारख्या दिसत नाहीत, म्हणून वेगवेगळं बोलतो. वादी सालिब गिताईंनी नकळत निवडलेलं नाही. ते स्वतः हैफाचे. एस्तेरच्या पुस्तकाचा शेवट लोकांना सोयीस्करपणे विसरायला आवडतो. ज्यांचा संहार व्हायचा होता ते वाचतात, आणि मग तेच सूड घेतात, हजारोंना मारतात. गिताई तो शेवट गाळत नाहीत. वाचलेल्यांनी सूड घेतल्याची कथा सुटलेल्या घरांसमोर उभं राहून सांगितली, की घर आपोआप साक्ष देतं. अखेरच्या दीर्घ दृश्यात नट भूमिका उतरवून चालू लागतात आणि आपापल्या आयुष्याबद्दल बोलतात. त्यांत मोहम्मद बाकरींसारखे पॅलेस्टिनी नटही आहेत. अंगणाचा मालक अशा रीतीने अंगणात परततो, निदान आवाजाने. याच दिग्दर्शकाचा १९८० चा 'घर' हा माहितीपट दाखवायचं इस्राएलच्या दूरदर्शनने नाकारलं. १९८२ च्या लेबनॉन युद्धाच्या काळातल्या चित्रपटावरून वादळ उठलं आणि ते पॅरिसला गेले, तिथे बरीच वर्षं राहिले. 'गोलेम'मधलं पॅरिस हे स्वतः गाव सोडलेल्या माणसाने पाहिलेलं पॅरिस आहे.

भिवंडीबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. साहनींनी भिवंडीचं ऋण लपवलं नाही, आत्मकथनात ते सांगितलं. तेवीस वर्षं रावळपिंडी त्यांच्यात गप्प होती. दुसऱ्याच्या उजाड गल्लीत उभं राहिल्याशिवाय स्वतःची गल्ली त्यांना दिसली नाही. माणसाचं मन बहुधा असंच चालतं. आपलं दुःख सरळ पाहवत नाही, दुसऱ्याच्या दारातून आत शिरावं लागतं. दूरदर्शनवर 'तमस' आली तेव्हा इथल्या १९८४ च्या दंगलीला चार वर्षंही झाली नव्हती. ती मालिका भिवंडीतल्या घरांत पाहिली गेली. रावळपिंडी म्हणून दाखवलेलं इथे कुणी रावळपिंडी म्हणूनच पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. पण गावाचं नाव पडद्यावर आलं नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

संशयी : मग माझी हरकत मी थोडी बदलतो. दंतकथा नको, असं आता म्हणत नाही. म्हणतो ते एवढंच, की दंतकथा पुरती घ्या. रूथची गोष्ट आपण सगळे निष्ठेची गोष्ट म्हणून ऐकतो, गिताईसुद्धा तिच्या चेहऱ्यावर, चालण्यावर थांबतात. पण त्या गोष्टीच्या मधोमध एक शेत आहे. जवाची कापणी चालू आहे आणि रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते आहे. शहरातली पिढी हा शब्द विसरत चालली. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत कापणी झाल्यावर शेतात पडलेल्या लोंब्या गरीबाघरची पोरं-बायका वेचायच्या, तोच सरवा. आपल्याकडे तो मालकाच्या मनावर होता. त्या शास्त्रात ती आज्ञा आहे. शेताची कड कापू नका, गळलेलं कणीस उचलू नका, ते गरिबाचं, विधवेचं आणि परक्याचं. म्हणजे परक्याने हात पसरायचा नाही. शेताची कड त्याच्या हक्काचीच आहे.

म्हणून या कथेतला खरा प्रश्न बवाजला आहे, शेतमालकाला. २०२० च्या मे महिन्यात आपण काय पाहिलं? टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली, भिशीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, उधारीवर किती दिवस जेवण मिळणार? नाशिकच्या महामार्गावर माणसं चालू लागली, आणि भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची गाडी सुटली. ज्यांच्या हातांवर या गावाचं कापड निघालं, त्यांच्यासाठी शेताच्या कडेला दोन महिन्यांचं धान्यसुद्धा नव्हतं. यात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांचे वंशजही मालकांच्या बाजूला होते, आणि मीही होतो. परागंदा माणसाचा आत्मा पडद्यावर फिरताना पाहिला की डोळे भरतात. शेतमालक पडद्यावर आला असता, तर मला खुर्चीत बसवलं नसतं. तो चित्रपट मला हवा आहे.

रसिक : तुम्ही मागता तो चित्रपट मलाही हवा आहे. मात्र बवाजवर एवढी भिस्त ठेवताना मला एक गोष्ट टोचते, आणि ती मी आजवर टाळत आलो. बवाज चांगला माणूस आहे. तो सरवा वेचू देतो, मुद्दाम जास्त कणसं गाळायला सांगतो, शेवटी रूथशी लग्न करतो. तिला मुलगा होतो, त्याच्या वंशात दावीद राजा येतो. परकी बाई राजाची पणजी झाली म्हणून आपण पुस्तक मिटतो. पण शेवटचा अध्याय नीट वाचा. त्यात रूथच्या तोंडी एक शब्द नाही. वेशीवर पुरुष बसून तिच्याबद्दल व्यवहार करतात. मूल झाल्यावर शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. जी वाटेवर सासूला अडवून इतकं धीटपणे बोलली होती, ती घर मिळताच मुकी होते. गिताईंनी रूथच्या कथेत गोलेम का आणला, हे मला बहुधा आत्ता बोलता बोलता कळतं आहे. वाचा नसलेलं शरीर. माणूस परका होता तोवर बोलत होता, आपला झाला आणि गप्प झाला. मग सरवा मिळून, घर मिळून, रेशनकार्डावर नाव लागूनही काही सुटतंच का? तिकडे दिमोनातली नातवंडं मराठी बोलत नाहीत. इथे आजमगढच्या आजोबांची नातवंडं भिवंडीचीच बोली बोलतात. आपण त्याला रुजणं म्हणतो. त्यात काय पुसलं गेलं, ते विचारत नाही.

संशयी : आणि अर्पा? आपण दोघेही इतका वेळ रूथबद्दल बोललो. अर्पा रडली आणि आपल्या आईच्या घरी माघारी गेली. पुस्तक तिचं पुढे नाव घेत नाही, चित्रपटही रूथच्याच मागे जातो. गोरखपूरच्या गाडीत जे बसले ते सगळे अर्पाच होते. त्यांतले बरेच काही महिन्यांनी पुन्हा मागावर आले, सगळे आले नाहीत. जे आले नाहीत, ते घरी पोचले असं समजायचं, की तेही परागंदाच राहिले? तुमच्या शास्त्रात याला उत्तर आहे?

रसिक : नाही. माघारी गेल्यावर अर्पाला दिलेलं एक वाक्यसुद्धा नाही. तिला मवाबात भाकरी मिळाली का, माहेरच्यांनी तिला मागे आलेली विधवा म्हणून वागवलं का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी इतका वेळ म्हणत होतो की गोष्ट अहवालापेक्षा जास्त पाहते. अर्पापुरतं ते खरं नाही. गाडीच्या यादीत निदान तिचं नाव तरी लिहिलेलं असेल.